लंढौरच्या चढणीवर: वुडस्टॉक शाळेच्या वाटेने सहा दिवस

पहिला आणि दुसरा दिवस : नगर ते डेहराडून

नगरहून गोवा एक्सप्रेसने निघालो तेव्हा गाडीतल्या लोकांना आम्ही चारधामला चाललो आहोत असंच वाटलं. दोन साठीच्या बायका, दोन बॅगा, दशम्यांचा डबा आणि उत्तराखंडचं तिकीट. वन्सं जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. मी प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स म्हणून तीस वर्षं काढली. "देवाला नाही, शाळा बघायला चाललोय," असं वन्संनी समोरच्या आजोबांना सांगितलं. त्यांना ते पटलं नाही. पण खरं तेच होतं.

कारण सांगते. नोकरीत अगदी नवीन असताना मी जामखेडला प्रशिक्षणाला गेले होते. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथं काम सुरू केलं. अक्षरओळख नसलेल्या, बऱ्याचशा दलित वस्तीतल्या बायकांना त्यांनी गावाच्या आरोग्य कार्यकर्त्या केलं. बाळंतपण, जुलाब, कुष्ठरोग अशा सगळ्या गोष्टी त्या बायका हाताळायच्या आणि माझ्यासारख्या शिकलेल्या नर्सला समजावून सांगायच्या. तिथं एक नाव सारखं कानावर पडायचं, टेलरसाहेब. म्हणजे डॉ. कार्ल टेलर, अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले आरोळ्यांचे गुरू. पुढं गडचिरोलीच्या अभय आणि राणी बंग यांनाही त्यांनीच शिकवलं. लोकांचं आरोग्य लोकांच्या हातात द्यायचं, हा विचार जगभर नेणाऱ्यांतले ते एक. प्राथमिक आरोग्यसेवेबद्दलच्या १९७८ च्या आल्मा आटा जाहीरनाम्याच्या मसुद्यातही त्यांचा मोठा वाटा होता.

हे टेलरसाहेब जन्मले मसुरीशेजारच्या लंढौरला, १९१६ साली, आणि शिकले तिथल्याच वुडस्टॉक शाळेत, हे मला फार उशिरा कळलं. २०१० मध्ये ते गेले तेव्हा त्यांच्यावर आलेल्या एका लेखात वाचलं. तेव्हापासून मनात होतं. आपल्या गुरूचा गुरू ज्या पायवाटेनं शाळेत गेला ती वाट एकदा बघायची.

दिल्लीला गाडी बदलून रात्री डेहराडूनला पोचलो. आगाऊ पैसे भरलेली खोली लॉजवाल्याने दुसऱ्याच कुणाला देऊन टाकली होती. तासभर वाद घालून मागच्या बाजूची एक खोली मिळाली, ओल आलेली. तरी झोप लागली.

तिसरा दिवस : डेहराडून ते लंढौर

डेहराडूनला रेल्वे आली १९०० साली. त्याआधी मैदानातून येणारी मुलं बैलगाडी किंवा घोडागाडीनं राजपूरपर्यंत यायची आणि तिथून पुढं पायी, घोड्यावर, नाहीतर हमालांनी खांद्यावर वाहिलेल्या डांडीत बसून वर चढायची. लहान पोरांना कंडीत बसवायचे. कंडी म्हणजे पाठीवर बांधायची निमुळती टोपली. आम्ही शेअर टॅक्सीनं गेलो. दीड तास नुसती वळणं. वन्सं डोळे मिटून लिंबू हुंगत होत्या.

मसुरीच्या मॉल रोडबद्दल लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही. गर्दी, मक्याची कणसं, फुगे. पण पिक्चर पॅलेसच्या टोकाकडून लंढौर बाजारात शिरलं की गाव बदलतं. रस्ता अरुंद होतो, दोन्ही बाजूंना जुनी लाकडी सज्ज्याची घरं, शिंपी, चांदीचे कारागीर, भांड्यांची दुकानं, जुन्या वस्तूंचे ढीग. घंटाघरापाशी दोन वाटा फुटतात. एक खडी चढण मलिंगारकडून वर चार दुकानला जाते आणि दुसरी टेहरीच्या रस्त्यानं वुडस्टॉककडे.

लंढौर हे मुळात पलटणीचं गाव. आजारी गोऱ्या सैनिकांना मैदानातल्या उन्हातून वर आणून बरं करायचं, म्हणून १८२७ मध्ये इथं छावणी झाली. उन्हाळ्यात हवा चांगली, पाणी चांगलं, म्हणून सैनिकांच्या मागं अधिकाऱ्यांची कुटुंबं आली आणि त्यांच्या मागं मिशनरी. घरांची नावं बघत चालावं. आयव्हॅन्हो, केनिलवर्थ, वेव्हर्ली, वुडस्टॉक. सगळी सर वॉल्टर स्कॉटच्या कादंबऱ्यांतली. घरापासून हजारो मैलांवर आलेल्या माणसांनी आवडत्या पुस्तकांची नावं डोंगराला देऊन टाकली. शाळेचं नावही त्यातलंच. ज्या जागेवर ती वसली त्या जागेचं नाव वुडस्टॉक होतं, ते शाळेला चिकटलं.

आमची खोली बाजाराच्या वरच्या अंगाला, एका गढवाली कुटुंबाकडं. घरधनिणीनं मंडव्याची भाकरी आणि राजमा केला. मंडवा म्हणजे आपली नाचणी. वन्संनी भाकरी मोडून बघितली, वास घेतला आणि म्हणाल्या, "आता बरं वाटलं."

संध्याकाळी गच्चीवर बसलो होतो. कार्तिकातली हवा, आकाश निवळ. सूर्य मावळला आणि खाली दूनच्या बाजूला क्षितिजाच्या थोडं वर एक सरळ रेघ उमटली. पट्टीनं ओढल्यासारखी. रेघेच्या खाली राखाडी जांभळं, वर आधी केशरी, मग पिवळं, मग फिका निळा. इथं तिला विंटरलाइन म्हणतात. मैदानावर साचलेल्या धुळीच्या आणि धुराच्या थरामागं सूर्य जातो आणि खऱ्या क्षितिजाच्या वर एक खोटं क्षितिज तयार होतं. हिवाळ्याचे थोडेच महिने दिसतं. वीसेक मिनिटं आम्ही दोघी एक शब्द बोललो नाही.

चौथा दिवस : शाळा

ही शाळा म्हणजे कुणीही उठून आत शिरावं अशी जागा नाही. मुलं राहतात तिथं, आणि बंधन असायलाच हवं. महिनाभर आधी मेल करून, आम्ही कोण, कशासाठी येतोय हे सविस्तर लिहून परवानगी घेतली होती. फाटकावर नावं बघितली, ओळखपत्रं बघितली आणि एक शिक्षिका आम्हाला घ्यायला आल्या.

पहिली गोष्ट कळते ती पायांना. शाळा सपाटीवर नाहीच. डोंगराच्या एका उतारावर जवळपास अडीचशे एकरांत ती वरखाली पसरली आहे. वसतिगृह एका उंचीवर, वर्ग दुसऱ्या, मैदान तिसऱ्या. मधे बांज, म्हणजे डोंगरी ओक, आणि देवदाराचं रान. मुलं ह्या सगळ्याला मिळून 'हिलसाइड' म्हणतात. आम्ही वर चढत होतो तेव्हा आठवी-नववीतली पोरं पाठीवर दप्तरं, हातात व्हायोलिनच्या पेट्या घेऊन आमच्या शेजारून पळत वर गेली. पळत! माझे गुडघे तोवर बोलायला लागले होते.

शाळेचं बोधवाक्य लॅटिन आहे, 'पाल्मा नॉन सिने पुल्वेरे'. धुळीशिवाय विजयाची झावळी नाही. वन्संनी ते वहीत उतरवून घेतलं. चाळीस वर्षं खडूच्या धुळीत उभ्या राहिलेल्या बाईला त्याचा अर्थ सांगावा लागला नाही.

आता इतिहास. शाळा सुरू झाली १८५४ मध्ये. मसुरीतल्या काही इंग्रज अधिकाऱ्यांना आणि अमेरिकन मिशनऱ्यांना आपल्या मुलींसाठी प्रॉटेस्टंट शाळा हवी होती. पूर्वेकडच्या देशांत स्त्रीशिक्षण वाढावं म्हणून लंडनमध्ये स्थापन झालेल्या एका संस्थेनं शिक्षिका पाठवल्या. दोनेक वर्षांत शाळा आताच्या जागेवर आली.

साल ऐकलं आणि वन्सं थांबल्या. "म्हणजे आपल्यानंतर सहा वर्षांनी." त्यांच्या मनात भिडेवाडा होता, १८४८. आणि त्याच्याही मागं आमचं नगर. सिंथिया फरार नावाच्या अमेरिकन बाईंची मुलींची शाळा जोतिरावांनी नगरलाच पाहिली आणि मग पुण्यात स्वतःची काढली. वन्सं ही गोष्ट दरवर्षी ३ जानेवारीला पोरांना सांगायच्या. पण दोन्ही शाळा शेजारी ठेवून बघितल्या की फरक लगेच दिसतो. भिडेवाड्यातली शाळा ज्यांना कुणी शिकू देत नव्हतं त्यांच्यासाठी होती. वुडस्टॉक होती ती मुख्यतः गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलींसाठी. त्याच देशात, सहा वर्षांच्या अंतरानं, तीच 'मुलींची शाळा'. ह्या शाळेचं कौतुक करायचं तर आधी एवढं स्पष्ट म्हणून करायला हवं, असं मला वाटतं. आमच्याबरोबरच्या शिक्षिकेनंही ते मोकळेपणानं मान्य केलं.

१८७० च्या आसपास शाळा डबघाईला आली, बंद पडायची वेळ आली. तेव्हा अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन मिशननं ती जागा घेतली आणि त्यासाठी पैसे उभे केले ते फिलाडेल्फियाच्या बायकांनी. ही गोष्ट मला फार जवळची वाटली. आमच्या बचतगटाच्या बायका पन्नास-पन्नास रुपये काढून दळणाची चक्की घेतात, ती डोळ्यांसमोर आली. ज्या बायकांनी हे डोंगर कधी पाहिले नाहीत, त्यांच्या पैशांवर ही शाळा पुन्हा उभी राहिली.

पण हट्ट कशासाठी होता एवढा? ह्या प्रश्नाशी मी त्या दिवशी सर्वांत जास्त वेळ रेंगाळले. मिशनरी मैदानात राहायचे, रुरकी, लुधियाना, सियालकोट, फतेहगढ अशा गावांत. मुलं लहान होती तोवर जवळ. पटकी, हिवताप, देवी यांतून जी वाचायची ती सहा-सात वर्षांची झाली की प्रश्न यायचा, शाळेचं काय? मग त्यांना बोटीवर बसवून अमेरिकेला नातेवाइकांकडं नाहीतर मिशनच्या वसतिगृहात पाठवायचे. पुन्हा भेट सात-आठ वर्षांनी. आई ओळखू येत नाही, मुलगा ओळखू येत नाही. नर्स म्हणून मी पुष्कळ ताटातुटी बघितल्यात, पण ही तर ठरवून केलेली. डोंगरातल्या शाळांनी ती ताटातूट सात वर्षांवरून काही महिन्यांवर आणली. दक्षिणेत कोडाईकनालला १९०१ मध्ये अशीच शाळा निघाली, तेरा मुलांवर. कारण तेच.

इथं एक रीत होती, ती ऐकून वन्संनी डोळे पुसले. एप्रिल-मे लागला की आया मैदानातून वर यायच्या, लंढौरमध्ये मिशनच्या घरांत राहायच्या आणि तेवढे दिवस मुलं वसतिगृहातून निघून आईजवळ. ह्याला 'आउट ऑफ बोर्डिंग' म्हणायचे. वडील महिनाभराची सुट्टी काढून यायचे. पाऊस सुरू झाला की आया परत खाली आणि मुलं परत वसतिगृहात. पावसाळा इथं भयंकर. ढग खिडकीतून आत येतात, चपलांना बुरशी, बांजाच्या फांद्यांवर नेच्यांचं रान, पायांना जळवा. नेमक्या त्याच दिवसांत आई नसायची. मग शाळेचं वर्ष संपायचं हिवाळ्याच्या तोंडावर. त्या दिवसाला इथं 'गोइंग डाउन डे' म्हणत. ट्रंका हमालांच्या पाठीवर, मुलांचे जथे डेहराडून स्टेशनात आणि तिथून जो तो आपापल्या दिशेला, कुणी दोन दिवसांच्या तर कुणी चार दिवसांच्या प्रवासाला.

वन्संचा मुलगा सहावीला टाकळी ढोकेश्वरच्या नवोदयला लागला होता. अकरा वर्षांचा. नंबर लागला म्हणून गावात पेढे वाटले आणि त्याला सोडून येताना वन्सं फाटकापासून एसटीपर्यंत एकदाही मागं वळल्या नाहीत. हे मला माहीत होतं, कारण मीच बरोबर होते. ह्या शाळेच्या पायऱ्यांवर बसून त्या म्हणाल्या, "वहिनी, वळले असते तर घेऊनच आले असते त्याला."

१९२० च्या दशकात शाळेनं पुन्हा कूस बदलली. अॅलन पार्कर नावाचे मुख्याध्यापक आले. मुलांनाही वरच्या वर्गांपर्यंत प्रवेश मिळाला, अमेरिकन अभ्यासक्रम आला. पार्कर हॉल हे सभागृह त्यांच्याच नावाचं. आम्ही गेलो तेव्हा तिथं वाद्यवृंदाची तालीम चालू होती. एक मुलगी चेलोवर एकच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवत होती, चुकली की ओठ घट्ट मिटायची आणि परत पहिल्यापासून. आम्ही मागच्या खुर्च्यांवर बसून राहिलो. सातव्या वेळी जमलं तिला. तिनं मान वर केली नाही, पुढचा तुकडा घेतला.

तोवर भारतीय मुलंही येऊ लागली होती. त्यांतल्या दोघी आपल्याला जवळच्या आहेत. विजयालक्ष्मी पंडितांच्या मुली, चंद्रलेखा आणि नयनतारा. नयनतारा सहगल १९४३ मध्ये इथूनच शालान्त झाल्या आणि ऐन महायुद्धात दोघी बहिणी अमेरिकेला वेलस्ली कॉलेजात गेल्या. त्यांचे वडील रणजित सीताराम पंडित, घराणं कुडाळजवळच्या बांबुळीचं. कल्हणाची राजतरंगिणी संस्कृतातून इंग्रजीत आणणारा हा माणूस. स्वातंत्र्यलढ्यात वारंवार तुरुंगात गेला, तब्येत खालावली आणि जानेवारी १९४४ मध्ये वारला. मुली तेव्हा समुद्रापार होत्या. कोकणातल्या त्या घराचा एक धागा ह्या हिमालयातल्या उतारावर आलेला आहे, हे आपल्याकडं फारसं कुणाला माहीत नाही.

स्वातंत्र्यानंतर मिशनरी हळूहळू कमी होत गेले. मग शाळा कुणासाठी? इथं मला ह्या शाळेचं सर्वांत जास्त कौतुक वाटतं. १९५९ मध्ये अमेरिकेतल्या संस्थेची मान्यता मिळाली होती, त्यावर विसंबून परदेशी मुलांची बंद दुनिया म्हणून ती राहू शकली असती. १९६८ पासून दहाएक वर्षं रॉबर्ट अल्टर मुख्याध्यापक होते. ते स्वतः भारतात वाढलेले. त्या काळात शाळेनं ठरवलं की आपण आंतरराष्ट्रीय असू, पण भारतातली शाळा म्हणून. ख्रिस्ती वारसा राहील, पण मुलं सगळ्या धर्मांची, सगळ्या देशांची असतील. आज पायवाटेवर दिसलेल्या पोरांत नेपाळी, भूतानी, कोरियन, पंजाबी, मल्याळी असे सगळेच चेहरे होते. फी मात्र तुमच्या-माझ्या आवाक्याबाहेरची आहे. शिष्यवृत्त्या आहेत, तरीही. ज्या शाळेतून टेलरसाहेब निघाले त्या शाळेत आज आमच्या जामखेडच्या कार्यकर्तीची नात पोचायची तर किती चढ चढावा लागेल, हे माझ्या मनातून दिवसभर गेलं नाही.

पाचवा दिवस : चार दुकान, सिस्टर्स बाजार, दफनभूमी

सकाळी मलिंगारची चढण. दर पन्नास पावलांवर थांबत गेलो. वर सेंट पॉल चर्च, १८४० चं. बाकांना बंदुका टेकवायच्या खाचा आहेत. १८५७ नंतर सैनिक प्रार्थनेलाही हत्यार घेऊन येत. जिम कॉर्बेटच्या आईवडिलांचं लग्न १८५९ मध्ये ह्याच चर्चमध्ये लागलं. बाहेर चार दुकान म्हणजे खरोखरच मोजून काही दुकानं. आलं-लिंबू-मधाचा चहा आणि बन-ऑम्लेट खाल्लं.

पुढं केलॉग चर्च, १९०३ चं, दगडी. सॅम्युअल केलॉग हे हिंदीचं मोठं व्याकरण लिहिणारे अमेरिकन मिशनरी. १८९९ मध्ये इथंच सायकलवरून दरीत पडून वारले. त्यांच्या नावाच्या चर्चमध्ये पुढं मिशनऱ्यांना भाषा शिकवणारी शाळा भरायची. लंढौरची ती भाषाशाळा आजही चालू आहे. हिंदी, उर्दू, पंजाबी, गढवाली. आम्ही गेलो तेव्हा एक परदेशी तरुण बाहेरच्या कठड्यावर बसून मोठ्यानं पाठ करत होता, "मैं जाता हूँ, मैं जा रहा हूँ, मैं गया था." वन्सं जवळ जाऊन उभ्या राहिल्या, थोडं ऐकलं आणि 'गया था'चा उच्चार दुरुस्त करून आल्या. तो उठून उभा राहिला, नमस्कार केला.

मोठ्या माणसांना ही भाषा पाठ करावी लागायची, पण त्यांच्या पोरांना ती फुकट मिळायची. बाजारातून. मला ह्या सगळ्या प्रवासात हेच सापडलं, आणि ह्याचसाठी मी आले होते असं आता वाटतं. शाळेनं मिश-किडना, म्हणजे मिशनऱ्यांच्या मुलांना, इंग्रजीत अमेरिकन शिक्षण दिलं. पण शाळेतून वसतिगृहाकडं, वसतिगृहातून बाजाराकडं जाणाऱ्या वाटेवर त्यांना दूधवाला, हमाल, शिंपी, आया, चौकीदार भेटत होते. त्या वाटेवर कुणी शिकवत नव्हतं, म्हणून ते आत गेलं. टॉम अल्टर १९५० मध्ये मसुरीत जन्मले, वुडस्टॉकला शिकले. त्यांचे आजीआजोबा १९१६ मध्ये अमेरिकेतून आले, आजच्या पाकिस्तानातल्या भागात राहिले, फाळणीत कुटुंबाच्या दोन देशांत दोन फांद्या झाल्या. हा माणूस उर्दू बोलायला लागला की लखनौच्या माणसानं कान टवकारावेत. पुढं आपल्या पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकले, मुंबईला राहिले, तिथंच २०१७ मध्ये गेले. पंधरा वर्षांच्या सचिन तेंडुलकरची कॅमेऱ्यापुढची पहिली मुलाखत त्यांनीच घेतली. तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिलाय. गोरा माणूस आणि वांद्र्याचं लाजरं पोरगं.

आणि रॉबर्ट फ्लेमिंग. वुडस्टॉकचे शिक्षक, पक्ष्यांचे अभ्यासक. नेपाळ तेव्हा बाहेरच्यांना बंद होता. १९४९ मध्ये पक्षी गोळा करायची परवानगी मिळाली आणि ते आत गेले. तिथं माणसं औषधाविना मरताना दिसली. त्यांच्या पत्नी बेथेल डॉक्टर होत्या. पुढं त्यातूनच काठमांडूत दवाखाना उभा राहिला आणि १९५४ मध्ये युनायटेड मिशन टु नेपाळ ही संस्था स्थापन झाली. पक्षी बघायला गेलेला शाळामास्तर!

टेलरसाहेबांचे आईवडील दोघंही वैद्यकीय मिशनरी. हिवाळ्यात शाळेला सुट्टी लागली की सगळं कुटुंब बैलगाडीत तंबू घालून गंगेकाठच्या जंगलातल्या गावांत फिरता दवाखाना चालवायचं. पोरगाही हाताखाली. म्हणजे आठ-नऊ महिने डोंगरावरची शाळा आणि तीन महिने बैलगाडीतली. हार्वर्डमधून डॉक्टर होऊन ते परत आले, लुधियानाच्या वैद्यकीय महाविद्यालयात रोगप्रतिबंधाचं खातं उभं केलं, मग पंजाबातल्या नारंगवालच्या गावांत काम केलं. खाटेवर पडलेल्या रोग्यापेक्षा त्याच्या घराकडं बघा, हे आम्हाला जामखेडला शिकवलं गेलं ते ह्या बैलगाडीतून आलेलं आहे. मी माझ्या भागात बाळंतिणीच्या घरी जाऊन आधी चूल बघायचे, पाण्याचा हंडा बघायचे आणि मग बाळ. का बघायचे, ते मला लंढौरच्या उतारावर उभं राहिल्यावर कळलं.

सिस्टर्स बाजार हे नाव पूर्वी इथल्या लष्करी इस्पितळातल्या नर्स, म्हणजे सिस्टर, राहायच्या म्हणून पडलं. नर्सच्या नावाचा बाजार मी पहिल्यांदाच पाहिला, फोटो काढून घेतला. इथल्या जुन्या दुकानात पीनट बटर मिळतं. अमेरिकन कुटुंबांना त्याच्याशिवाय करमायचं नाही, म्हणून इथं ते बनू लागलं आणि मिशनरी गेले तरी राहिलं. मी बोटावर घेऊन चाखलं. दाणे खरपूस भाजलेले, किंचित मीठ, दाताखाली येईल इतकं भरड. लसूण आणि तिखट घातलं असतं तर आमच्या घरची चटणी झाली असती. दोन बाटल्या घेतल्या.

दुपारी दफनभूमीत गेलो. देवदाराखाली उतारावर दगड. त्यातला एक देवदार १८७० मध्ये ड्यूक ऑफ एडिंबराच्या हातानं लावलेला. मी मोठ्या माणसांच्या कबरी वाचल्या नाहीत. लहान आकाराचे दगड बघत गेले. वर्षं, महिने, दिवस मोजून कोरलेले. नर्सला आकडा वाचला की रोग दिसतो. सात महिने असेल तर जुलाब. तीन वर्षं असेल तर घटसर्प, गोवर. हवेसाठी वर आणलेली बाळंसुद्धा वाचली नव्हती.

सहावा दिवस : गोइंग डाउन

खाली टॅक्सीनं जायचं नाही हे वन्संनीच ठरवलं. बॅगा टॅक्सीत घालून डेहराडूनला पुढं पाठवल्या आणि आम्ही बार्लोगंजकडून झडीपानीच्या जुन्या वाटेनं पायी राजपूरला उतरलो. मोटाररस्ता व्हायच्या आधीची हीच वाट. झडीपानीला ओक ग्रोव्ह शाळा लागते, १८८८ ची, रेल्वे कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी काढलेली. तिच्या खालून दगडी वाट वळणं घेत उतरते. कुठं जुनी फरसबंदी टिकून आहे, कुठं नुसता मुरूम. डावीकडं दरी, समोर दूनचं खोरं, त्याच्या पलीकडं शिवालिकची रांग.

उतरताना गुडघ्यांना जास्त त्रास होतो. आम्ही अडीच-तीन तास घेतले. एका वळणावर दगडी कठडा आहे, तिथं बसलो. वन्सं वर बघत होत्या. वाट जिथून आली तिकडं. "आया पावसाच्या तोंडावर इथूनच उतरायच्या ना?" त्यांनी विचारलं. इथूनच. आणि मुलं हिवाळ्याच्या तोंडावर, ह्याच दगडांवरून, पळत. एक गवत कापणारी आजी गवताचा भारा घेऊन वर चढत आली, आमच्या शेजारी भारा टेकवला, पाणी प्याली, काही न बोलता पुन्हा उचलून चालू लागली.

राजपूरला वाट रस्त्याला मिळते तिथं चहाची टपरी होती. वन्संनी पिशवीतून फोन काढला आणि मुलाला लावला. तो आता पुण्यात इंजिनिअर आहे, स्वतःची दोन पोरं आहेत. मी थोडी लांब जाऊन बसले. तरी ऐकू आलं. "अरे, तुला तिथं सोडून आले होते ना सहावीला," त्या म्हणाल्या, "तेव्हा किती दिवस रडलास रे?" मग बराच वेळ त्या नुसत्या ऐकत होत्या. दोनदा मान हलवली. चहा निवला.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "काय म्हणाला?"

"जेवली का, विचारत होता," वन्सं म्हणाल्या आणि चहाचे पैसे द्यायला कनवटीची पिशवी सोडू लागल्या.